घरचा कारखाना : करवतीची तहान



हिवाळा जवळ आला की आपल्या घरांतून दोन तयाऱ्या सुरू होतात. एक फराळाची आणि दुसरी गार्डन शेडची. फराळाबद्दल या पानावर बोलायचा मला अधिकार नाही, तेव्हा आपण शेडकडे वळू.

इंग्लंडातल्या बऱ्याच शेडमध्ये लॉन मोअरच्या मागे, जुन्या रंगाच्या डब्यांच्या शेजारी, एक पेट्रोलवर चालणारी चेनसॉ पडलेली असते. घर घेताना आधीच्या मालकाने मागे सोडलेली, नाहीतर कार बूट सेलमध्ये स्वस्तात मिळाली म्हणून उचललेली. कित्येक चेनसॉ वादळानंतर विकत घेतलेल्या असतात. १५-१६ ऑक्टोबर १९८७ च्या रात्री दक्षिण इंग्लंडात जे वादळ झालं त्यात सुमारे दीड कोटी झाडं पडली. अलीकडे नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘आर्वेन’ वादळाने स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडची तीच गत केली. रस्त्यात आडवं पडलेलं झाड पाहिलं की माणसाला करवत हवीशी वाटते, आणि काम झालं की ती दहा वर्षं शेडमध्ये झोपते.

मग एके शनिवारी ती बाहेर निघते. दोन-चार ओंडके होतात न होतात तोच धूर येऊ लागतो. साखळी ज्या लांबट पोलादी पट्टीच्या कडेने धावते तिला बार म्हणतात. तो बार काळानिळा पडतो, आणि घरात निकाल लागतो, ‘‘तेल येत नाही. पंप गेला!’’ त्यानंतर दोनच वाटा दिसतात. एक तर टिपवर नेऊन टाका, नाहीतर ‘थोडंच तर राहिलंय’ म्हणून तशीच कोरडी चालवा. पहिल्या वाटेने पैसे जातात, दुसऱ्या वाटेने कदाचित बोटं.

या वेळी मला सांगायचं आहे ते इतकंच, की ‘तेल येत नाही’ हा रोग नव्हे, लक्षण आहे. टाकीपासून बारच्या टोकापर्यंत तेलाची एक वाट असते. त्या वाटेवर टोकाकडून टाकीकडे एकेक थांबा तपासत गेलं, तर अडथळा पुष्कळदा पंपाच्या बाहेरच सापडतो, आणि तो एखाद्या तारेच्या तुकड्याने निघण्यासारखा असतो. पंप खोलायची पाळी सर्वांत शेवटी.

तेलाचं एवढं काय?

चेनसॉ पूर्ण वेगात असताना साखळी सेकंदाला साधारण २० मीटर धावते. म्हणजे ताशी ७२ किलोमीटर, आणि तेही पोलादावर पोलाद घासत! बारच्या लांबीभर ना बॉल बेअरिंग, ना चाकं. मध्ये असतो तो फक्त तेलाचा पातळ थर.

आईच्या शिलाई मशीनला दोन थेंब तेल घातलं की कितीतरी दिवस पुरायचं. मोटारीच्या इंजिनात तेच तेल फिरून फिरून परत येतं. इथे तसं नाही. तेल साखळीबरोबर टोकापर्यंत जातं आणि भुशाबरोबर उडून जातं, परत काही येत नाही. आपल्या बैलगाडीखाली वंगणाचा नळा टांगलेला असायचा, वंगण संपलं की पुन्हा भरायचं, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच की गाडीचं चाक कुरकुरून सांगतं. चेनसॉच्या इंजिनाच्या आवाजात साखळीची कुरकुर कुणाला ऐकू येणार?

कोरडी साखळी तापते, तापली की लांबते, लांबली की सैल पडते, आणि सैल साखळी बारवरून निसटू शकते. शिवाय उष्णतेने तिची धार जाते. धार गेली की आपण करवत जोर लावून दाबतो. दाबून हात थकतात, आणि थकलेल्या हातात चेनसॉ उसळली तर ती आवरत नाही. एका बंद भोकापासून अपघातापर्यंतची वाट ही अशी आहे.

एम.एस्सी.ला आम्हाला ‘ट्रायबॉलॉजी’ नावाचा विषय होता. घर्षण, झीज आणि वंगण यांचं शास्त्र. हे नाव याच देशात रूढ झालं. १९६६ साली पीटर जोस्ट यांच्या समितीने ब्रिटिश सरकारला अहवाल दिला, आणि वंगणाकडे नीट लक्ष दिलं तर उद्योगांचे वर्षाला सुमारे ५१ कोटी ५० लाख पौंड वाचतील, असा हिशेब मांडला. त्या काळातले पौंड, बरं का! आपला शेडमधला हिशेब लहान, पण तत्त्व तेच.

हात लावण्यापूर्वी

सगळ्यांत आधी स्पार्क प्लगची टोपी काढून बाजूला ठेवा. इंजिन बंद आहे एवढ्यावर विसंबू नका. हातात जाड मोजे घाला, कारण थांबलेली साखळीसुद्धा कापते.

दुसरं म्हणजे, पुढच्या दांड्यासमोर हाताच्या रक्षणासाठी जी आडवी पट्टी असते ती पुढे ढकलून पाहा. ती ‘खट्’ करून बसायला हवी आणि साखळी जागच्या जागी अडकायला हवी. हा चेन ब्रेक. तो सत्तरच्या दशकात रूढ होऊ लागला, त्यामुळे त्याआधीच्या यंत्रांत बहुधा नसतोच. ग्लॉस्टरशायरमध्ये स्ट्राउडच्या परिसरात एकेकाळी ‘डॅनार्म’ नावाच्या चेनसॉ बनत. त्यांतल्या सुरुवातीच्या काही तर दोघांनी दोन बाजूंनी धरून चालवायच्या. अशी एखादी हाती लागली तर जरूर साफ करा, पॉलिश करा, नातवंडांना दाखवा. लाकूड कापायला मात्र नको. ब्रेक नसलेल्या चेनसॉचं तेल सुरू केलंत म्हणून ती वापरण्याजोगी होत नाही.

तेल खरंच येत नाही का?

आधी खात्री करू. साखळी नीट ताणलेली आहे आणि टाकीत तेल आहे हे पाहा. मग प्लगची टोपी परत लावून करवत मोकळ्या जागी सुरू करा. बारचं टोक एखाद्या स्वच्छ पुठ्ठ्यापासून वीतभर दूर धरून थोडा वेळ चांगला वेग द्या. पुठ्ठ्यावर तेलाची बारीक रेघ उमटली तर तेल टोकापर्यंत पोचतंय. साखळी पुठ्ठ्याला किंवा जमिनीला लावायची नाही, आणि समोर कुणी उभं राहायचं नाही. करवत सुरू करताना पायात मजबूत बूट आणि चेनसॉसाठीची खास पँट हवीच. तिच्या ‘क्लास १’ प्रकाराची चाचणी सेकंदाला २० मीटर याच वेगाला घेतलेली असते.

दुसरी परीक्षा त्याहून सोपी. पेट्रोल आणि तेल दोन्ही टाक्या काठोकाठ भरा आणि काम करा. पेट्रोल आधी संपावं आणि तेव्हा तेल थोडंसंच उरलेलं असावं, अशा बेताने बहुतेक टाक्या बनवलेल्या असतात. पेट्रोल संपलं आणि तेलाची टाकी अजून अर्धी भरलेली, तर तेल कमी जातंय. शितावरून भाताची परीक्षा!

तेल जात नाही अशी खात्री पटली की इंजिन बंद करा, गार होऊ द्या, प्लगची टोपी काढा, आणि वाटेला लागू.

पहिला थांबा : बार

बाजूचं झाकण, साखळी आणि बार काढा. आत काळ्या चिकट भुशाचा थर असेल, तो ब्रशने काढा. आता यंत्राच्या अंगावर जिथून तेल बाहेर येतं ती बारीक फट किंवा भोक शोधा आणि नीट बघा. तिथे तेलाचा ओलावा आहे, पण बारची खाच कोरडी ठणठणीत आहे, तर पंप ठीक आहे आणि दोष बारमध्ये आहे. तिथेही कोरडं असेल तर दोष आणखी मागे आहे. या एका नजरेत निम्मं काम होतं.

बारच्या मागच्या टोकाशी वर-खाली दोन बारीक भोकं असतात. बार उलटासुलटा कसाही बसवता यावा म्हणून दोन. त्यांतून तेल खाचेत उतरतं. भोकात भुसा आणि तेल मिळून जणू लांबी भरल्यासारखं घट्ट झालेलं असतं. बारीक तारेने ते मोकळं करा. खाचेत जुन्या हॅकसॉच्या पात्याचा तुकडा किंवा पातळ पत्रा फिरवून मागून पुढे सगळा गाळ काढा. बारच्या कडांवर झिजून जे धारदार ओठ येतात ते सपाट कानशीने घासून टाका. बसवताना बार उलटा करून बसवा, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात.

इथेच एक ठेच लागते. जुन्या यंत्राला दुसऱ्याच मॉडेलचा बार बसवलेला असतो. तो बोल्टमध्ये चपखल बसतो, पण त्याचं तेलाचं भोक यंत्रातल्या फटीसमोर येतच नाही. पंप बिचारा तेल देत राहतो आणि ते बारच्या पाठीवरून खाली ओघळतं. करवतीखाली तेलाचं तळं आणि साखळी कोरडी, असं दिसलं तर आधी हे तपासा.

दुसरा थांबा : टाकीतली गाळणी आणि नळी

जुनं तेल एका डब्यात ओतून काढा. ते मधासारखं घट्ट किंवा जेलीसारखं झालं असेल तर काय झालंय हे उघडच आहे. टाकीत थोडं रॉकेल घालून खळखळवा आणि ओता. रॉकेलला इकडे पॅराफिन म्हणतात, ते विसरून दुकानात रॉकेल मागू नका! स्वच्छ रॉकेल बाहेर येईपर्यंत दोन-तीनदा करा. हे काम उघड्यावर करायचं, शेडमधल्या हीटरजवळ नाही.

टाकीच्या तोंडातून तारेचा आकडा घालून आतली नळी हळूच बाहेर ओढा. तिच्या टोकाला छोटी गाळणी असते. ती चोंदली असेल तर धुवा, नाहीतर बदला. मग नळी बोटांनी दाबून, वाकवून पाहा. रबर वीस-तीस वर्षांत एक तर कडक होऊन तडकतं, नाहीतर मऊ होऊन लोळागोळा होतं. तडकलेल्या नळीतून पंप तेलाऐवजी हवा ओढतो. टाकी भरलेली असताना तेल येतं आणि अर्ध्यावर आली की बंद होतं, असं असेल तर नळीवर संशय घ्या.

तिसरा थांबा : हवेचं भोक

हा थांबा पुष्कळजण विसरतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आमच्या ओळखीचे एक डॉक्टर काका आहेत. १९७२ साली इकडे आले, केंटमध्ये जी.पी. म्हणून निवृत्त झाले. १९८७ च्या वादळात त्यांच्या बागेतलं मोठं बीचचं झाड पडलं तेव्हा घेतलेली करवत त्यांच्याकडे अजून आहे. चेन ब्रेक शाबूत, इंजिन एका दोरीत सुरू. पण तेल पहिली तीन-चार मिनिटं यायचं आणि मग बंद. दुकानदाराने पाहून सांगितलं, ‘‘पंप गेला, भाग मिळत नाहीत, नवी घ्या.’’ काकूंना तर तेच हवं होतं. नवी घेणं नव्हे, जुनी जाणं!

मी विचारलं, ‘‘काका, तेल बंद पडल्यावर तुम्ही काय करता?’’

‘‘काय करणार? चहा प्यायला आत जातो. परत येऊन सुरू केली की येतं की रे तेल!’’

आता, पंप मोडला असता तर चहा पिऊन तो बरा झाला असता का? मी इंजिन चालू करून पुठ्ठ्यावरची रेघ थांबेपर्यंत वाट पाहिली, इंजिन बंद केलं आणि काकांना म्हटलं, ‘‘आता टाकीचं झाकण हळूच सैल करा.’’ त्यांनी केलं, आणि आत हवा शिरल्याचा ‘फुस्स’ असा आवाज आला. झाकण परत लावून करवत सुरू केली तर तेल हजर!

टाकीतून तेल बाहेर जातं तेवढी हवा आत यायला हवी. त्यासाठी टाकीला किंवा झाकणाला एक सूक्ष्म वाट असते. कधी रबरी व्हॉल्व्ह, कधी सच्छिद्र धातूची छोटी चकती. ती चोंदली की टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला तेल खेचता येत नाही. चहाच्या वेळात हवा हळूहळू झिरपून आत यायची, म्हणून पुन्हा चार मिनिटं तेल मिळायचं.

काका दोन क्षण गप्प झाले आणि म्हणाले, ‘‘अरे, म्हणजे सलाईनच्या काचेच्या बाटलीला आम्ही हवेची सुई टोचायचो, तीच भानगड!’’ मी म्हटलं, अगदी तीच. चकती रॉकेलमध्ये रात्रभर बुडवून, सकाळी उलट्या बाजूने हवा मारून साफ केली. खर्च शून्य. दुकानदाराने केलं ते आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी!

काही जुन्या अमेरिकन बनावटीच्या करवतींत मात्र उलटी रीत असते, हे लक्षात ठेवा. त्यांत इंजिनाच्या क्रँककेसमधला दाब एका झडपेतून टाकीत जातो आणि तेलाला ढकलतो. तिथे झाकण घट्टच बसायला हवं. झाकणाचं रबर गेलं की दाब निसटतो आणि तेल थांबतं. काहींना अंगठ्याने दाबायचं बटणही असतं, दर थोड्या वेळाने आपणच दाबून तेल द्यायचं. अशा यंत्रात ‘तेल आपोआप येत नाही’ ही तक्रार नसून बनावटच तशी असते. म्हणून मॉडेलचं पुस्तक मिळवून आधी वाचलेलं बरं.

शेवटचा थांबा : पंप

इथवर सगळं स्वच्छ असेल आणि तरी तेल येत नसेल, तर पंपाकडे वळा. त्याआधी यंत्राच्या पोटाशी तेल कमी-जास्त करण्याचा स्क्रू आहे का ते पाहा. असला तर कदाचित कुणीतरी तो पार बंद करून ठेवलेला असेल.

पंप बहुतेक यंत्रांत क्लचच्या मागे असतो. पेचासारख्या दात्यांचं एक छोटं चक्र, म्हणजे वर्म गिअर, त्याला फिरवतं. ते अनेकदा प्लास्टिकचं असतं आणि झिजून त्याचे दाते जातात. पुष्कळ मॉडेलांत हे चक्र क्लचच्या ड्रममध्ये अडकलेल्या एका तारेने फिरतं. ती तार मोडली किंवा निसटली तर पंप ठणठणीत असूनही फिरत नाही. म्हणजे इथेही ‘पंप गेला’ म्हणण्याआधी ‘पंप फिरतो का’ हे विचारायचं.

बऱ्याच करवतींत क्लच उलट्या आट्यांचा असतो, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला की सुटतो. नेहमीच्या सवयीने जोर लावलात तर तो आणखी घट्ट बसेल. इंजिन फिरू नये म्हणून प्लगच्या भोकातून सुती दोरी आत सोडतात आणि तिचं टोक बाहेर ठेवतात. हे काम पूर्वी केलेल्या माणसाला शेजारी बसवूनच करा. पंप खरोखर गेला असेल तर त्याची किंमत आणि करवतीची किंमत यांचा हिशेब करा, मग ठरवा.

कोणतं तेल?

चेनसॉसाठी वेगळं चिकट तेल मिळतं. चिकट अशासाठी की इतक्या वेगात ते साखळीवरून उडून जाऊ नये. मोटारीचं काढलेलं जुनं तेल फुकट मिळतं म्हणून काहीजण तेच घालतात. त्यात धातूचे कण असतात, शिवाय कर्करोगाला कारण होणारी द्रव्यंही. ते भुशाबरोबर आपल्या अंगावर आणि भाजीच्या वाफ्यावर उडतं. काटकसर म्हणून चकल्या तळून उरलेलं तेलही नको. वनस्पती तेल हवेने हळूहळू घट्ट होतं, कढईच्या बाहेरच्या बाजूला राळेसारखा थर जमतो तो आठवा. दुकानात मिळणारी रेपसीडची जैविक तेलं मातीला चांगली, पण तीही महिनोन्‌महिने टाकीत ठेवू नयेत. काम झालं की टाकी रिकामी करून करवत शेडमध्ये ठेवा. थंडीत तेल घट्ट झालं असेल तर डबा आदल्या रात्री घरात आणा. आणि काढलेलं घाण तेल गटारात न ओतता काउन्सिलच्या रिसायकलिंग सेंटरवर द्या.

आता डॉक्टर काकांचं पुढे काय झालं ते सांगतो. करवत सुधारली, पण काका ती चालवत नाहीत. त्यांच्या मुलीने एका शेतकी कॉलेजात चेनसॉची देखभाल आणि ओंडके कापण्याचं रीतसर शिक्षण घेतलं, आणि आता करवत तिच्या ताब्यात आहे. काका थोडे हिरमुसले, काकू निर्धास्त झाल्या. मुलगी मला म्हणाली, ‘‘बाबा रोज विचारतात, टाकीचं व्हेंट साफ आहे ना?’’ पन्नास वर्षं रोग्यांची नाडी पाहिलेला माणूस, लक्षणावरून रोग शोधायची सवय जाते कुठे!

तेव्हा मंडळी, या शनिवारी पाऊस नसेल तर करवत बाहेर काढा, बार सोडवा आणि ती दोन बारीक भोकं उजेडाकडे धरून पाहा. उजेड आरपार दिसला तर उत्तम. नाही दिसला, तर तार घ्या. पुढच्या अंकात साखळीला कानस कशी लावायची ते पाहू. कळावे, लोभ असावा.